दोनशे ग्रेनचं शिसं

कुंपणापलीकडच्या टेडच्या तोंडून 'ग्रेन' हा शब्द ऐकला आणि न्यूझीलंडला आल्यापासून पहिल्यांदाच बाबा मोठ्यानं हसले. रविवारची दुपार होती. आई सकाळी अवोन्डेलच्या बाजारातून आणलेली मेथी निवडत बसली होती; ती काड्यांचा कागद तसाच हातात धरून मागच्या दारात आली. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. बाबा कुंपणाच्या फळीवर दोन्ही हात टेकून उभे होते आणि पलीकडे टेड, शिशाचा एक लहानसा तुकडा चिमटीत धरून, आपण एवढं काय विनोदी बोललो या विचारात पडलेले.

"अगं, हे ग्रेनमध्ये मोजतात!" बाबा आईला म्हणाले. "अजून!"

ईशान, तारा, तुम्हाला यात हसण्यासारखं काही सापडणार नाही, म्हणून आधी नीट सांगते. ग्रेन हे जुन्या काळातलं औषधांचं वजन. सोनाराकडची गुंज तुम्ही पाहिलेली नाही, पण त्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास भरतं एक ग्रेन. बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, पुण्याला फार्मसी शिकले तेव्हा सगळं ग्रॅममध्ये आलेलं होतं, पण त्यांचे एक म्हातारे सर मुलांकडून ग्रेनमध्येच वजनं करून घेत. त्यामुळे बाबांच्या हाताला ग्रेनची सवय बसली होती. न्यूझीलंडला येताना सामानाचं वजन जास्त झालं, तेव्हा त्यांनी आईचं पुरणयंत्र बाहेर काढलं आणि पितळी तराजू सागवानी पेटीसकट आत ठेवला. आई पुढे कितीतरी वर्षं होळीला चाळणीवर पुरण घासताना त्या तराजूचा उद्धार करायची.

आणि तो तराजू इथे नुसता पडून होता. बाबांची पदवी इथे परीक्षा दिल्याशिवाय चालत नव्हती. तोवर ते इस्पितळाच्या औषधविभागात खोकी फोडायचे आणि ट्रॉल्या ढकलायचे. पुण्यात ज्यांच्या शब्दावर डॉक्टर औषध बदलत, त्यांना इथे बाटलीचं झाकण उघडायची परवानगी नव्हती. पहिल्या खेपेला परीक्षेत ते नापास झाले. आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या घरात तशा बऱ्याच गोष्टींबद्दल कोणी बोलत नसे. जेवणाच्या टेबलावर आमटी कशी झाली आहे याचीच चर्चा व्हायची. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि ही शांतता म्हणजेच चांगलं वळण, असं मला वाटायचं.

टेड एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना पहिल्याच दिवशी बाबांनी 'मिस्टर' म्हणून हाक मारली, तर ते म्हणाले, "मिस्टर माझा बाप होता. मी टेड." बाबांना वयानं वीसएक वर्षांनी मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं जमेना. शेवटी तडजोड होऊन 'मिस्टर टेड' झालं. टेडनीही आमच्या नावांची आपल्या सोयीनं वाटणी केली: बाबांच्या वसंतचं वॉस, आईच्या सुमनचं सू, माझ्या शुभदाचं शूब. इंग्रजीत तू आणि तुम्ही असं काही नसतं, पण मला टेडचं बोलणं कायम 'तू' असंच ऐकू यायचं आणि बाबांचं 'तुम्ही' असं. इथे मी तसंच लिहिते आहे.

त्या दिवशी टेडच्या हातात होती ती बंदुकीची गोळी. म्हणजे पूर्ण काडतूस नव्हे, पुढचं नुसतं शिसं. जांभळाच्या बीएवढं, एका टोकाला गोलसर. टेडकडे महायुद्धातलं एक लष्करी रिव्हॉल्व्हर होतं, मधोमध मोडून उघडणारं, त्यांच्या थोरल्या भावाचं, लेनचं. लेन युद्धावरून परत आले ते रिव्हॉल्व्हर घेऊनच, आणि ते वारल्यावर परवाने वगैरे सगळं रीतसर करून ते टेडकडे आलं. पापाकुराच्या पुढे टेकड्यांच्या कुशीत एक पिस्तूल क्लब होता, तिथे टेड रविवारी सकाळी जायचे. तिथली मंडळी जुन्या लष्करी पिस्तुलांची काडतुसं घरीच भरत, कारण बाजारात त्या जातीची मिळत नसत किंवा मिळाली तर मनासारखी नसत. टेडही शिसं वितळवून गोळ्या ओतायचे. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि तराजूचा काटा त्यांना दिसेनासा झाला होता. "वॉस, तू केमिस्ट ना?" त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं. "दोनशे ग्रेन ओळखता येतील तुला?"

त्यानंतरच्या सगळ्या रविवारच्या दुपारी आम्ही टेडच्या गराजमध्ये काढल्या. आजही गरम धातूचा वास आला की मला आधी ते गराज आठवतं: भिंतीवर ओळीनं टांगलेली करवतं, कोपऱ्यात रेडिओवर पुटपुटणारं क्रिकेट, फणसाच्या आठळीएवढ्या बिस्किटांचा डबा आणि लांब बाकावर बाबांचा पितळी तराजू. ओतलेली प्रत्येक गोळी सारखी होत नाही. एखादीत आत हवेचा बुडबुडा राहतो, ती हलकी भरते. बाबा एकेक गोळी पारड्यात ठेवत, मान तिरकी करून काटा बघत आणि बोटानं डावीकडे नाहीतर उजवीकडे सारत. डावीकडची पसंत, उजवीकडची परत भांड्यात. मी रिकाम्या पितळी पुंगळ्या फडक्यानं पुसून ओळीत उभ्या करायची. सगळं टेडच्या समोर, त्यांच्या देखरेखीखाली. बाबांचे हात तिथे जसे चालायचे तसे इस्पितळात चालत असतील असं मला वाटत नाही. ते गुणगुणायचे. आई म्हणायची, "बंदुकीच्या गोळ्या करताना यांना नाट्यगीत सुचतं. धन्य!"

एकदा बाबांनी फळीवरचं एक खोकं खाली काढलं. क्लबमधल्या कोणीतरी टेडना दिलेल्या विकतच्या गोळ्या होत्या, दीडशे ग्रेनलाही न पोचणाऱ्या.

"या का नाही वापरत, मिस्टर टेड? काडतुसं भरायच्या पुस्तकात तर हेही वजन दिलंय."

"तिला मानवत नाहीत," टेड म्हणाले. रिव्हॉल्व्हरबद्दल ते नेहमी 'ती' असंच बोलत. "ती दोनशेवर वाढलीय."

बाबांनी खोकं परत ठेवलं. म्हाताऱ्या माणसाची आवडनिवड, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

मनगटाची गोष्ट आईनं काढली. ती तेव्हा वृद्धाश्रमात नर्स होती आणि माणूस दारातून आत आला की त्याच्या चेहऱ्याआधी त्याचे सांधे बघायची. टेड कधी लिंबं, कधी फिजोआ, म्हणजे इथली पेरूसारखी हिरवी फळं, घेऊन यायचे. अशाच एका सोमवारी पिशवी देताना त्यांनी डावा हात पुढे केला. आईनं उजवा मागून घेतला, बाही वर सारली आणि ते सुजलेलं मनगट आपल्या तळहातावर धरून ठेवलं.

"दर रविवारी असं होतं?"

"दर रविवारी ती लाथ मारते," टेड हसत म्हणाले. "सोमवारी सुजतं, बुधवारी उतरतं. आमचं लग्न झाल्यासारखं आहे, सू."

आईनं त्यांना निर्गुडीचं तेल दिलं, कसं चोळायचं ते दाखवलं. आणि रात्री जेवताना बाबांना म्हणाली, "त्या माणसाचं मनगट बघा एकदा. असंच चाललं तर पुढच्या वर्षी त्यांना चहाचा कप उचलता येणार नाही. सांगा ना त्यांना, बास करा म्हणून."

"सांगून ऐकणारा माणूस नाही तो," बाबा म्हणाले. मग ताटात बघत, "बघतो मी."

पुण्यात दुकानात असताना बाबा असं पुष्कळदा बघत. कोणी आजी कडक डोसासाठी हट्ट धरून बसल्या की डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांना सौम्य औषध द्यायचं आणि 'हेच ते' म्हणायचं. आजींना बरं वाटायचं. मुलगा येऊन आभार मानायचा. कमी दिलं तर अपाय होत नाही, हा त्यांच्या धंद्यातला सगळ्यात जुना धडा होता, आणि न सांगता दिलं तर वादही होत नाही, हा आमच्याकडचा. त्यापुढच्या रविवारी टेड आरामखुर्चीत रेडिओ ऐकत पेंगले असताना बाबांनी फळीवरचं ते खोकं काढलं. पुस्तकात त्या हलक्या वजनासमोर दारूचं जे माप दिलं होतं तेच लावलं. त्या बाबतीत त्यांनी कधी हयगय केली नसती. काडतुसं टेडच्या नेहमीच्या डब्यात भरली. माझ्याकडे बघून म्हणाले, "लाथ कमी बसेल. तेवढंच." मी मान हलवली. मला बाबांचा अभिमान वाटला, हे खरं सांगायला हवं. इतका हळुवार विचार दुसरं कोण करणार, असं वाटलं.

ईशान, मागच्या महिन्यात तुझा हात मोडला होता ते मला तुझं प्लास्टर निघाल्यावर कळलं. तेवढे दिवस व्हिडिओवर तू हाताच्या वर कॅमेरा धरून बोलत होतास आणि मी तुझं किती गोड चाललंय म्हणत होते. 'आजीला उगाच काळजी नको,' असं तुझी आई म्हणाली असणार. मी तिला बोल लावत नाही. ती माझीच मुलगी आहे, आणि मी त्या गराजमध्ये मान हलवली होती.

सुरुवातीला सगळं छान झालं, तेच वाईट. पुढच्या सोमवारी टेड उजव्या हातानं पिशवी घेऊन आले. "सू, तुझं तेल म्हणजे जादू आहे! एकदम झकास, स्वीट ॲज!" त्यांनी मनगट गोल फिरवून दाखवलं. आई लाजली, मग खूश झाली. तिनं पुण्याला फोन करून आणखी तेल मागवलं. बाबांनी तिला काही सांगितलं नव्हतं. फिजोआंचा हंगाम होता आणि टेडच्या झाडाला त्या वर्षी उतू जाईल इतकं फळ आलं होतं. टोपलीनं यायच्या. आई त्यांचा मुरांबा करायची, चटणी करायची, कोशिंबिरीतसुद्धा घालायची. घरभर तो गोड, थोडा औषधासारखा वास असायचा. बाबा ती फळं खात नसत. "आंबट आहेत," म्हणायचे. आंबट मुळीच नव्हती.

मग टेड क्लबातून गप्प परत येऊ लागले. विचारलं तर म्हणत, "आज हात लागला नाही." पुढच्या खेपेलाही नाही. आणि जूनमध्ये क्लबची जुन्या लष्करी पिस्तुलांची वार्षिक स्पर्धा आली, तिला ते बाबांना आणि मला घेऊन गेले. "माझे दारूगोळा मंत्री," अशी त्यांनी आमची सगळ्यांशी ओळख करून दिली.

इथल्या जूनची थंडी होती. गवतावर दव होतं आणि टेकडीच्या उतारावर मेंढ्या गोळीबाराकडे साफ दुर्लक्ष करून चरत होत्या. टेडचा उभं राहण्याचा ढंग बघण्यासारखा होता: डावा हात कोटाच्या खिशात, उजवा सरळ, जसा काही दुकानदाराला पत्ता दाखवताहेत. मोतीबिंदू असला तरी मोठा काळा ठिपका त्यांना दिसायचा, तेवढा त्यांना पुरत होता. सगळ्यांचं झाल्यावर निशाणाचे कागद आणले. टेडच्या कागदावर भोकं एकमेकांना खेटून होती, एका मुठीत मावतील इतकी जवळ. पण सगळी काळ्या ठिपक्याच्या चार बोटं खाली, पांढऱ्यावर.

गुण मांडणारा ग्रेग नावाचा एक दांडगा, भला माणूस होता. त्यानं टेडच्या खांद्यावर हात ठेवला. "दचकतोयस तू, मित्रा. चाप ओढायच्या आधीच हात खाली जातोय तुझा. वय झालं की होतं असं."

आवाजाला आणि लाथेला घाबरून हात आधीच खाली झुकतो, गोळ्या खाली लागतात. नेमबाजांत याला भित्रेपणाच समजतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की टेडचे कान लाल झाले. परतीच्या वाटेवर त्यांनी रेडिओ लावला नाही.

आईनं अळूवड्या केल्या होत्या. अवोन्डेलच्या बाजारात पॅसिफिक बेटांवरची मंडळी टॅरोची, म्हणजे त्यांच्याकडच्या अळूची, मोठमोठी पानं विकायची, त्यांच्या वड्या पुण्यातल्यापेक्षाही चांगल्या व्हायच्या. टेडना त्या फार आवडत. त्या दिवशी त्यांनी एक उचलली आणि हातातच धरून ठेवली.

"उद्या तिला पोलीस चौकीत जमा करतोय," ते म्हणाले. "संपलं माझं."

"एका स्पर्धेवरून?" आई म्हणाली.

"स्पर्धेवरून नाही, सू. लेनवरून." टेडनी वडी बशीत ठेवली. "लेन परत आला तेव्हा दार आपटलं तरी टेबलाखाली वाकायचा. मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. मला वाटायचं हा काय सैनिक. मी मुद्दाम त्याच्या मागे कागदी पिशवी फुगवून फोडायचो. पोरांना जमवून दाखवायचो. तो मरेपर्यंत आम्ही त्याला 'जंपी', दचक्या, म्हणायचो. आणि आता मी दचकतोय. त्याच्याच पिस्तुलाला. कुठल्या तोंडानं ते घरात ठेवू?"

मला त्यांची कणव आली आणि मी माझ्या वयाला शोभेल असं बोलले, "टेड, मग नेम थोडा वर धरायचा ना!"

ते कसंनुसं हसले. "तसं नसतं, शूब. तिच्या नळीवरची नेम धरायची माशी लष्करानं दोनशेसाठी घासलीय. गोळी नळीत असतानाच पिस्तूल वर उसळायला लागतं. जड गोळी हळू निघते, तोवर तोंड वर गेलेलं असतं, म्हणून ती वर लागते, बरोबर जिथे बघतेस तिथे. हलकी घातलीस तर ती उसळी पुरी व्हायच्या आतच निसटते, आणि खाली लागते. इतकं साधं आहे ते. माझ्याकडे हलकी असती तर मी म्हटलं असतं, चूक गोळीची. पण वॉसनं एकेक तोलून दिलीय. दोनशे." त्यांनी बाबांकडे बघून मान लववली. "म्हणजे चूक माझीच."

बाबा चहा गाळत होते. गाळणं तसंच धरलेलं राहिलं आणि कप भरून चहा बशीत, बशीतून ओट्यावर आला. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. आणि बाबा एक शब्दही बोलले नाहीत. टेड उठले, आईच्या खांद्यावर थोपटून गेले.

"काय झालं?" मागचं दार लागताच आई म्हणाली. "दोघांचे चेहरे असे का?"

बाबांनी ओटा पुसत पुसत सांगितलं. आई खुर्चीवर बसली.

"म्हणजे माझं तेल..."

"तेलानंही थोडं..."

"अहो, मी पुण्याहून मागवलं ते तेल! वहिनीला सांगितलं, इथला गोरा माणूस बरा केला म्हणून!" ती रडकुंडीला आली होती, पण तेलासाठी नाही. "आणि आत्ता गप्प का बसलात? तो माणूस समोर बसून स्वतःला भित्रा म्हणत होता!"

"काय सांगू? तुमचं औषध बदललं आणि तुम्हाला सांगितलं नाही? या देशात त्याला काय म्हणतात माहीत आहे तुला? माझा हात कोणी बाटलीला लावू देणार नाही परत. आणि एका माणसानं मला विश्वासानं काम दिलं होतं. एकानंच."

"म्हणूनच विचारतेय," आई म्हणाली.

बाबा आत गेले. त्या दिवशी टोपलीतल्या फिजोआंना कोणी हात लावला नाही. त्या अशाही उतरत्या हंगामाच्या होत्या. सकाळपर्यंत दोन-तीन मऊ पडून त्यांचं पाणी ओट्यावर आलं.

सोमवारी सकाळी बाबांनी इस्पितळात फोन करून उशिरा येतो म्हणून कळवलं. असं त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. मला म्हणाले, "तूही चल. तिथे होतीस." कुंपणाला वळसा घालून आम्ही पुढच्या दारानं गेलो, परक्यासारखे. टेड चांगला कोट घालून तयार होते. टेबलावर कुलूप लावलेली लोखंडी पेटी होती. बाबांनी खिशातून दोन गोळ्या काढल्या आणि टेडच्या दोन तळहातांवर एकेक ठेवली.

टेडचे डोळे अधू झाले होते, हात नव्हते. त्यांनी दोन्ही हात हलकेच वर-खाली केले. मग उजव्या हाताची मूठ मिटली.

"ही माझी आहे. आणि ही कसली?"

"ही तुमच्या डब्यात होती," बाबा म्हणाले. त्यांचं इंग्रजी एरवी चांगलं होतं, त्या दिवशी एकेक शब्द सुटा येत होता. "ईस्टरच्या आधीपासून. सगळ्या याच. मी घातल्या. तुमचं मनगट सुजत होतं म्हणून. तुम्ही दचकत नाही, मिस्टर टेड. तुम्ही बरोबर मारत होता. खाली लागत होत्या त्या माझ्यामुळे."

टेडनी दोन्ही गोळ्या पुन्हा एकदा तोलून पाहिल्या.

"मी तुला सांगितलं होतं का, मला मनगट दुखतं म्हणून बदल?"

"नाही."

"तुला सांगितलं होतं ना, तिला मानवत नाहीत म्हणून?"

"हो."

"काल मी तुझ्या टेबलावर बसून लेनचं सांगितलं. जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि तू चहा गाळत होतास."

बाबा मान खाली घालून उभे राहिले. त्यांनी 'तुमच्या भल्यासाठी' म्हटलं नाही. म्हणतील अशी मला भीती वाटत होती. टेडनी हलकी गोळी बाबांच्या हातात परत दिली, जड आपल्या कोटाच्या खिशात टाकली आणि दार उघडून धरलं. "मनगट माझं आहे, वॉस," ते म्हणाले. आम्ही बाहेर पडलो.

टेडची गाडी त्या दिवशी हलली नाही, त्यावरून पेटी चौकीत गेली नाही एवढं आम्हाला खिडकीतून कळलं. रविवारी गराजचं दार लावलेलं असायचं, आत रेडिओ चालू असायचा. बाबांचा तराजू तिथेच राहिला होता आणि तो मागायला जायची कोणाची छाती नव्हती. आई कपडे वाळत घालताना कुंपणाकडे पाठ करून उभी राहायची. बाबा टेबलावर पुस्तकं उघडून बसायचे आणि तेच पान कितीतरी वेळ उघडं असायचं. मला वाटायचं, चूक कबूल केली की मन हलकं होतं असं शाळेत नन्स सांगायच्या, ते यांना का होत नाही? आता वाटतं, नन्सना ते दुरून माहीत होतं.

हिवाळा सरता सरता एका रविवारी टेड मागच्या दारी आले. एका हातात बाबांचा तराजू, सागवानी पेटीसकट. दुसऱ्या हाताला बँडेज होतं आणि त्या काखेत गुंडाळलेला कागद. कागद त्यांनी आमच्या टेबलावर पसरला. भोकं खेटून होती, आणि सगळी काळ्यात. आईनं आधी मनगट बघितलं, मग कागद. कोपरापर्यंत सूज होती.

"दोनशेनं?" बाबांनी विचारलं.

"दोनशेनं." टेड खुर्चीवर बसले. "निम्म्या मी वाकड्या बसवल्या असतील. डोळे दिसत नाहीत, माहीत आहे ना तुला." मग आईकडे वळून, "सू, ते तेल आहे का अजून? खरं दुखतंय आता."

आई तेल गरम करायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. टेड कागदावरच्या भोकांवरून बोट फिरवत म्हणाले, "मी लेनच्या थडग्यावर जाऊन आलो. सांगायला गेलो होतो, की मी काही दचकत नव्हतो. तिथे उभा राहिल्यावर ते तोंडातून निघेना. मधले काही दिवस मी दचकणारा माणूस होतो ना, कसं वाटतं ते कळलं होतं. मग त्याची माफी मागितली आणि आलो." बाबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. टेडनी बोट उचललं. "त्याचं श्रेय तू घेऊ नकोस."

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी ते कधीच घेतलं नाही.

त्या दुपारी गराजमध्ये बाबांनी पहिली गोळी पारड्यात ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "दोनशे." दुसरी ठेवली. "एकशे नव्याण्णव." टेड डोळे मिटून ऐकत होते. "चालेल," म्हणायचे, किंवा "परत भांड्यात." त्यानंतर ते काम तसंच चाललं, प्रत्येक वजन उच्चारून. नाट्यगीत काही परत ऐकू आलं नाही. दर सोमवारी टेडचं मनगट सुजायचं, दर सोमवारी आई तेल लावायची, आणि बाबा समोर बसून ते बघायचे. पुढच्या हिवाळ्यात टेडना चाप ओढवेना, तेव्हा त्यांनी आपण होऊन पिस्तूल क्लबच्या एका तरुण बाईला दिलं, परवान्यासकट, रीतसर. दोनशेचा साचाही दिला. "ती दोनशेवर वाढलीय," असं तिला बजावून सांगितलं.

बाबा दुसऱ्या खेपेला पास झाले आणि माउंट वेलिंग्टनला एका दुकानात लागले. तिथे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला औषधाचं नाव, वजन, ते काय करेल आणि काय करणार नाही, सगळं एकेक करून सांगत. रांग लागायची. मालक कुरकुरायचा. बाबांचा वेग शेवटपर्यंत वाढला नाही.

आणि खूप वर्षांनी आईचे रिपोर्ट आले. टेड तेव्हा नव्हते. पुण्याहून काकांचा फोन आला, मावशीचा आला, सगळ्यांचं एकच: तिला सांगू नका, खचेल ती, अल्सर आहे म्हणा. इथल्या आपल्या डॉक्टर मित्रांपैकी एकानं सुद्धा बाबांना बाजूला घेऊन तेच सुचवलं. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात आले, आईसमोर खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. आई तांदूळ निवडत होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टेडचं केलंत तसं माझं करणार नाही ना?" ती म्हणाली.

"नाही."

"पुरतं सांगणार?"

"पुरतं," बाबा म्हणाले. "दोनशे."

आईनं तांदळाचं ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बोला."